बातम्या वाईट असताना आभार कशाचे मानायचे?

युद्धं, पूर, उष्णतेच्या लाटा. सकाळी मोबाइल उघडला की मन खचतं. अशात कुणी 'कृतज्ञ राहा' म्हटलं तर रागच येतो, आणि तो रास्त आहे. पण कृतज्ञता म्हणजे सगळं छान चाललंय असं मानणं नव्हे.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाने दर आठवड्याला ज्यांबद्दल आभार मानावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी. १० आठवड्यांत पहिला गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी दिसला. व्यायामही जास्त करत होता. मात्र पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर नैराश्य आणि चिंतेवर याचा परिणाम अल्पच आढळला. म्हणजे हे औषध नाही.

तरी उपयोग आहे. मन धोका आधी टिपतं, चांगलं निसटतं. लिहिल्याने ते नोंदलं जातं. फक्त 'आरोग्य', 'कुटुंब' असं मोघम नको. भर पावसात खांबावर चढून वीज जोडून गेलेला वायरमन लिहा.

आणि उदासी दोन आठवडे हटलीच नाही, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.