म्हादईच्या प्रवाहात : पहिल्या राफ्टिंगची पूर्वतयारी

मृगाच्या सरी सह्याद्रीच्या माथ्यावर स्थिरावल्या, की सत्तरी तालुक्यातील म्हादई नदीचे रूप पालटते. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या अरण्यातील देगाव येथे उगम पावलेली ही नदी घाट उतरून गोव्यात येते आणि पुढे मांडवी या नावाने पणजीजवळ सागरास मिळते. उन्हाळ्यात जिच्या पात्रातील खडक उघडे पडतात, तीच नदी आषाढ-श्रावणात दुथडी भरून वाहते. तिच्या या वेगाचा उपयोग करून गोवा पर्यटन विकास महामंडळाने २०१२ साली वाळपई परिसरात राफ्टिंगचा, म्हणजेच रबरी तराफ्यातून करावयाच्या नदीप्रवासाचा उपक्रम सुरू केला. उस्ते पुलापासून सोनाळपर्यंतचा हा टप्पा सुमारे १० किलोमीटरचा आहे.

या प्रवासास प्रथमच निघणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास असतो : पोहता येत नसेल तर जावे की नाही? वस्तुतः मार्गदर्शकासह होणाऱ्या अशा सफरीत पोहण्याच्या कौशल्यापेक्षा सूचना ऐकून ती तत्क्षणी पाळण्याची तयारी अधिक मोलाची ठरते. विहिरीत सूर मारणारा पट्टीचा पोहणाराही वाहत्या पाण्यात फसू शकतो, कारण विहिरीचे पाणी स्थिर असते आणि नदीचे पाणी माणसाला आपल्याबरोबर नेते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे गुडघाभर पाण्यातही उभे राहणे कठीण होते.

घरून निघण्यापूर्वी

नदीतील खळाळांची काठिण्यानुसार १ ते ६ अशी प्रतवारी जगभर रूढ आहे. पहिली प्रत संथ लहरींची, तर सहावी जवळजवळ अशक्यप्राय मानली जाते. म्हादईवरील खळाळ साधारणतः दुसऱ्या व तिसऱ्या प्रतीचे आहेत. तथापि रात्रभर पाऊस कोसळल्यास त्याच खळाळाचे स्वरूप सकाळी वेगळे असते. पाणी फार चढले म्हणून मार्गदर्शकाने सफर रद्द केली, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. नदीची नित्य ओळख असलेल्या माणसाचा तो निर्णय असतो.

हृदयविकार, अपस्मार, दमा, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, खांदा निखळण्याची सवय यांपैकी काही असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा व मार्गदर्शकालाही ते आधीच सांगावे. गरोदर स्त्रियांनी हा प्रवास टाळावा. सोबत्यांसमोर संकोच वाटतो म्हणून आजार लपविणे हे स्वतःबरोबरच तराफ्यातील इतरांनाही संकटात लोटण्यासारखे आहे. मद्यपान करून नदीवर येणे सर्वथा वर्ज्य समजावे.

पोशाख सुटसुटीत व लवकर वाळणारा असावा. जीनची विजार आणि जाड सुती कपडे पाणी शोषून जड होतात. साधी चप्पल प्रवाहात निघून जाते. त्याऐवजी पट्ट्याने घट्ट बसणारे पादत्राण किंवा जुने बूट घालावेत. चष्म्याला दोरी बांधावी. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातील साखळ्या व मोबाइल काठावरच विश्वासू माणसाकडे ठेवावेत. दोन तास आधी हलका आहार घ्यावा आणि परतल्यावर बदलण्यासाठी कोरडे कपडे व पंचा सोबत असावा.

काठावरील पाठ

जीवरक्षक जाकीट आणि हेल्मेट प्रत्येकास दिले जाते. परंतु ते योग्य बसले आहे की नाही, हे पाहणे हा सफरीचा खरा आरंभ होय. सर्व पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने जाकीट खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकत असेल तर सैल आहे असे समजून पुन्हा आवळावे. श्वास घेण्यास त्रास न होता जितके घट्ट बसेल तितके चांगले.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. एक हात सतत त्या मुठीवर असावा. मूठ मोकळी सुटली, तर धक्क्यासरशी ती शेजाऱ्याच्या तोंडावर आदळून दात पडण्याचा संभव असतो. पुढे वल्हवा, मागे वल्हवा, थांबा, खाली बसा अशा मोजक्या आज्ञा मार्गदर्शक काठावरच शिकवितो. पाण्याच्या गर्जनेत प्रश्न विचारण्यास अवसर नसतो. म्हणून न समजलेली आज्ञा तेथेच विचारून घ्यावी.

पाण्यात पडल्यास

तराफ्यातून पाण्यात पडणे ही असाधारण घटना नव्हे. प्रथम तराफ्याच्या कडेची दोरी धरण्याचा प्रयत्न करावा. तराफा दूर गेल्यास पाठीवर उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेस व पाण्याच्या पृष्ठभागालगत ठेवावेत, म्हणजे समोरच्या खडकाचा धक्का पायांवर झेलता येतो. वेगवान पाण्यात उभे राहण्याचा मोह मात्र निक्षून टाळावा. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकले, तर मागून येणारा लोंढा माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. बचावाची दोरी फेकली गेल्यास ती छातीशी धरून खांद्यावरून घ्यावी. हाताला गुंडाळू नये.

पावसाळ्यात काठची झाडेही पाण्यात उभी असतात. फांद्यांमधून पाणी निसटते, माणूस मात्र अडकतो. अशा झाडाकडे ओढले जात असल्यास पालथे होऊन सर्व शक्तीनिशी बाजूला पोहावे. टाळणे अशक्यच झाले, तर झाडाखाली जाण्याऐवजी वर चढण्याचा प्रयत्न करावा. तराफा उलटून डोक्यावर आला, तर त्याला हाताने टेकू देत एकाच दिशेने सरकावे. कड लवकरच सापडते.

शेवटी, ज्याला काठावर उभे राहून मनापासून भीती वाटते, त्याने त्या दिवशी न जाणेच योग्य. तसे स्पष्ट सांगणाऱ्याची थट्टा न करणे हीदेखील सोबत्यांच्या तयारीचीच बाब आहे. पाऊस पुढल्या वर्षीही येणार आहे आणि म्हादईही दुथडी भरणार आहे. सफर करणाऱ्यांनी तिच्या पात्रात प्लास्टिकचा तुकडाही न टाकता, जशी पाहिली तशीच ती मागे ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे.