हुदहुद की सुतार पक्षी?

वडीगोद्रीच्या शिवारात, मोसंबीच्या बागेत तुऱ्याचा पक्षी दिसला की अनेकजण त्याला ‘सुतार’ म्हणतात. उर्दू बोलणाऱ्या घरांतही हुदहुदला ‘कठफोडवा’ समजतात. पक्षी मात्र दोन वेगळे. आम्ही मुलांना तीन खुणा सांगतो.

पहिली, जागा : हुदहुद जमिनीवर चालत किडे-अळ्या टिपतो, सुतार ताठ शेपटीच्या टेकूने खोडावर चढतो. दुसरी, चोच : हुदहुदची लांब, बारीक, किंचित वाकलेली, सुताराची सरळ, छिन्नीसारखी. तिसरी, तुरा : हुदहुदचा काळ्या टोकांचा तुरा पंख्यासारखा उघडतो, सोनपाठी सुताराचा लाल तुरा तसा उघडत नाही.

हा फरक नुसता नावाचा नाही. सूरह नम्लमध्ये हजरत सुलेमान (अलै.) यांच्याकडे सबाच्या राणीची खबर आणणारा तो हुदहुदच. त्याला मारण्याची हदीसमध्ये मनाई आहे. ओळखच नसेल, तर मुले ती पाळणार कशी?

हुदहुद स्वतः खोड कोरत नाही. भिंतीच्या भोकात, झाडाच्या ढोलीत, कधी सुताराने कोरून सोडलेल्या घरात तो अंडी घालतो. म्हणून वाचकहो, मुलांच्या हातातली गलोल काढून घ्या आणि बांधावरचे जुने झाड तोडण्याआधी ढोलीत कोण राहते ते पाहा.