ॲलर्जीची सर्दी : आकडा रिपोर्टात, त्रास नाकात

सकाळी उठल्याबरोबर शिंकांची सरबत्ती, नाकाला धार आणि संध्याकाळपर्यंत चोंदलेलं नाक. मोठ्या माणसाला हे सुरू झालं की घरातून दोन सल्ले हमखास येतात : काढा घे आणि रक्त तपासून घे. या सल्ल्यांमागचे समज एकेक करून तपासू.

गैरसमज : सारखी सर्दी होते, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली आहे.

वस्तुस्थिती : ती कमी झालेली नसते, नको तिथे कामाला लागलेली असते. धुळीतले माइट, परागकण, झुरळांचे अवशेष यांच्यापासून खरा धोका नसतो, तरी शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई ही प्रतिपिंडं बनवतं. ती नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच कण पुन्हा आला की काही मिनिटांत या पेशी हिस्टामिन सोडतात आणि खाज, शिंका, पाणी सुरू होतं. ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ गोळ्या-काढ्यांनी हे थांबत नाही. लहानपणी काही नव्हतं म्हणून मोठेपणी होणार नाही, असंही नाही.

गैरसमज : धूळ गेली की त्रासही लगेच जायला हवा.

वस्तुस्थिती : पहिल्या झटक्यानंतर साधारण चार ते आठ तासांनी अनेकांना दुसरा येतो. मास्ट पेशी आणि टी-पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून अस्तरात उतरतात, अस्तर सुजतं, नाक बंद होतं. म्हणूनच सकाळी माळा झाडला की रात्री तोंडाने श्वास घ्यायची वेळ येते. अँटिहिस्टामिन गोळीने शिंका आणि पाणी आटोक्यात येतं, चोंदलेलं नाक तितकंसं सुटत नाही. पेशींची ही गर्दी नाकातला स्टेरॉइड स्प्रे कमी करतो. मात्र त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. दोनदा मारून ‘फरक नाही’ म्हणत तो सोडून देणं चूक.

गैरसमज : रोज थोडी धूळ नाकात गेली की सवय होते.

वस्तुस्थिती : बहुधा उलटच होतं. अमेरिकेत जॉन कॉनेल यांनी १९६९ साली दाखवलं, की रॅगवीड या तणाचे परागकण रोज नाकात सोडले, तर पुढे त्याहून कितीतरी कमी कणांनी तेवढाच त्रास होतो. वारंवार संपर्काने अस्तराच्या वरच्या थरात मास्ट पेशी आणि इओसिनोफिल वाढलेले असतात. रॅगवीडच्याच कुळातलं गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याचे परागही ॲलर्जीला कारण ठरतात. शरीराला ‘सवय’ लावणारे उपचार आहेत, पण त्यांत शुद्ध केलेल्या ॲलर्जनचे मोजलेले डोस तज्ज्ञाच्या देखरेखीखाली साधारण तीन वर्षं द्यावे लागतात. घरातल्या झाडूने ते साधत नाही.

गैरसमज : आयजीई किंवा इओसिनोफिलचा आकडा मोठा, म्हणजे आजार तीव्र.

वस्तुस्थिती : रक्ताच्या तपासणीत रक्तातल्या पेशी आणि प्रतिपिंडं मोजली जातात, आजार नाकाच्या अस्तरात असतो. एकूण आयजीई नॉर्मल असूनही नाकाने हैराण झालेले रुग्ण असतात. उलट जंत, हत्तीरोग, दमा किंवा इसब असेल तरीही हे आकडे चढतात. त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर शरीर त्या पदार्थाला ओळखतं एवढंच कळतं, त्रास किती हे कळत नाही. ‘आरिया’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २००१ साली तीव्रता ठरवली ती चार प्रश्नांवर : झोप मोडते का? रोजचे व्यवहार, खेळ अडतात का? नोकरी-अभ्यासावर परिणाम होतो का? लक्षणं त्रासदायक वाटतात का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर आजार मध्यम ते तीव्र.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या फायलीबरोबर या चार प्रश्नांची उत्तरंही न्यावीत. छातीत घरघर होत असेल किंवा दम लागत असेल, तर तेही आवर्जून सांगावं, कारण या सर्दीबरोबर दमाही अनेकदा असतो.