माणसे वाचणाऱ्या इरावतीबाई

मामाची मुलगी करायची, पण आत्याची करायची नाही. ही रीत आपल्याकडे पुष्कळ जातींत आहे. ती कळायला पुस्तक लागत नाही. पण अशा रीतींतूनही मोठी विद्या निघते. ती काढणारी एक बाई महाराष्ट्रात होऊन गेली. त्यांचे नाव इरावती कर्वे.

त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले. लहानपणीच त्या शिकायला पुण्यास आल्या. पुढे मुंबईत समाजशास्त्र शिकल्या. माणसे एकमेकांशी कशी राहतात, कशी वागतात, याचा अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सून.

१९२८ साली त्या जर्मनीस गेल्या. तिथल्या गुरूंचे मत असे की, गोऱ्या लोकांची कवटीच निराळी, म्हणून त्यांची अक्कल जास्त. बाईंनी कवट्या मोजल्या. पाहतात तो काय? तसा फरक नाहीच! गुरूंच्या उलट लिहायचे म्हणजे पदवी बुडायची भीती. तरी जे दिसले तेच त्यांनी लिहिले. १९३० साली पदवी मिळालीच.

१९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. पण खुर्चीत बसून राहिल्या नाहीत. गावोगाव हिंडल्या. सोयरीक कुठे जुळते, हे विचारीत गेल्या. उत्तरेकडे हिंदूंत मामाची मुलगी बहुधा चालत नाही. दक्षिणेत काही ठिकाणी सख्ख्या भाचीशीही लग्न होते. आपण मधले. हे सारे त्यांनी १९५३ साली पुस्तकात मांडले.

त्या पंढरीच्या वारीत चालल्या. एकाच विठ्ठलाचे नाव घेणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत. ते बाईंना खुपले. तेही त्यांनी झाकले नाही.

कोयना धरणासाठी गावे उठली. त्या माणसांचे पुढे काय झाले? बाईंनी जाई निंबकर यांच्यासह ते विचारून घेतले आणि १९६९ साली छापले. १९७० साली बाई वारल्या.

आम्ही जन्मभर मुलांना सांगत आलो, पुस्तकात आहे ते खरे. इरावतीबाईंमुळे आमची चूक कळली. आधी पाहावे, विचारावे, मोजावे, मग लिहावे.

वाचकहो, आता तुम्हांला लिहिता येते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या रीती विचारा. सांगतील ते वहीत उतरवून ठेवा. ती माणसे गेली, म्हणजे सांगणारे कोणी उरणार नाही.