प्लास्टरचं पॅरिस

पॅरिसमध्ये सँ-मार्तँ कालव्याच्या काठी, के द झेमाप या रस्त्यावर १०२ क्रमांकाची एक साधी इमारत आहे : ओतेल द्यु नोर. १९८९ साली तिचा दर्शनी भाग संरक्षित वारसा ठरला. वास्तुकला म्हणून तिच्यात विशेष काही नाही. ती वाचली ती दिग्दर्शक मार्सेल कार्नेच्या १९३८ सालच्या, त्याच नावाच्या चित्रपटामुळे. सिनेमाचे चाहते समोरच्या पुलावर जातात आणि अभिनेत्री आर्लेत्ती इथेच सहअभिनेता लुई झुव्हेवर कडाडली होती, असं एकमेकांना सांगतात. पण तो प्रसंग चित्रित झाला बियांकूरच्या स्टुडिओत. तिथे जमीन खणून कालवा केला होता, त्यावर पूल बांधला होता, काठावर हॉटेल उभं केलं होतं. चौदा जुलै या राष्ट्रीय दिनाच्या रात्रीचा नाचही तिथलाच.

खरा कालवा शहरातच असताना तो पुन्हा खणायचा कशाला? कारणं व्यवहाराची होती. बोलपट येऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. रस्त्यावर ध्वनिमुद्रण म्हणजे गाड्यांची घरघर आणि बघ्यांचा गलका. रात्रीचं चित्रण करायचं तर अख्ख्या काठावर दिवे लावा, रहदारी अडवा. स्टुडिओत उजेड हवा तसा मिळतो आणि धुकं हवं तेव्हा सोडता येतं. पण त्या काळच्या फ्रेंच सिनेमात ही सोय कलेचा दर्जा गाठून बसली, ती मुख्यतः दोन माणसांमुळे. दोघेही फ्रेंच नव्हते.

पहिला लाझार मेरसन. रशियन साम्राज्यात १९०० साली जन्मलेला हा तरुण बर्लिनमार्गे पॅरिसला आला आणि रशियन निर्वासितांनी चालवलेल्या आल्बात्रोस कंपनीत कामाला लागला. दिग्दर्शक रने क्लेअरच्या ‘सू ले त्वा द पारी’साठी (१९३०) त्याने एपिनेच्या स्टुडिओत छपरं, धुराडी आणि गल्ल्या उभारल्या. छपरांवरून निघालेला कॅमेरा खाली उतरत रस्त्यावरच्या गाणाऱ्यांपाशी येतो, तो मेरसनच्या रस्त्यावर. एखाद्या वस्तीची ओळख पटवायला कोणत्या चार गोष्टी पुरतात, हे त्याला नेमकं कळत असे. बाकीच्या तो सरळ गाळून टाकी. १९३८ साली लंडनमध्ये काम करत असतानाच तो वारला. चाळिशीही गाठली नव्हती.

दुसरा त्याचा मदतनीस, बियांकूरचा तो कालवा उभारणारा अलेक्झांडर त्राउनर. बुडापेस्टचा ज्यू चित्रकार, जन्म १९०६चा. १९२९ साली पॅरिसला आला आणि थोड्याच दिवसांत मेरसनच्या हाताखाली कामाला लागला. आधी रंगीत चित्र, मग मोजमापांचे आराखडे, मग सुतार आणि प्लास्टरवाले, असा त्याच्या कामाचा क्रम असे. चित्र काढतानाच कॅमेरा कुठे असेल हे तो ठरवून टाकी. त्यामुळे त्याचा सेट म्हणजे इमारत आणि चौकट दोन्ही असे. मागची घरं पुढच्यांपेक्षा लहान बांधायची, रस्ता टोकाकडे निमुळता करायचा. पन्नास पावलांच्या जागेत अर्धा मैल लांबी भासवण्याची ही युक्ती त्याच्या हातात मुरलेली होती.

त्याचं सगळ्यात देखणं काम मात्र आडवं नाही, उभं आहे. ९ जून १९३९ रोजी प्रदर्शित झालेल्या कार्नेच्याच ‘ल झूर स लेव्ह’मध्ये झाँ गाबँने फ्रान्स्वा नावाच्या कामगाराची भूमिका केली आहे. सुरुवातीलाच तो एका माणसाला गोळी घालतो आणि खोलीचं दार आतून लावून घेतो. बाहेर पोलिसांचा वेढा. रात्रभर तो आठवत राहतो की आपण इथवर आलो कसे. कथेची ही रचना झाक व्हिओची, संवाद कवी झाक प्रेव्हेरचे. गोष्ट अशी उलटी सांगितलेली प्रेक्षकांना झेपणार नाही, या धास्तीने सुरुवातीला खुलाशाची पाटीही घातली होती.

त्राउनरने या खोलीसाठी पाच मजली इमारत योजली आणि खोली अगदी वर ठेवली. आजूबाजूची घरं बुटकी, मधे छोटा चौक, त्यात ही एकटी उंच इमारत. निर्मात्यांना खर्च दिसत होता. एखादा मजला कमी केला तर काय बिघडेल, असा त्यांचा सवाल होता. त्राउनर हटला नाही. हा माणूस खालच्या गर्दीपासून तुटलेला दिसायला हवा. तो वरून ओरडेल तेव्हा खालच्या माणसांना मान वर करावी लागली पाहिजे. खोली दुसऱ्या मजल्यावर असती तर शेजाऱ्यांनी बोलून त्याला खाली आणला असता, असं चित्रपट पाहताना खरोखर वाटतं. उंचीच त्याला एकटं पाडते. कथेतलं इतकं मोठं काम लाकूड आणि प्लास्टर करून जातात, हे पाहून थक्क व्हायला होतं.

मग जिना. गोळी लागलेला माणूस जिन्यावर कोसळतो आणि तो सापडतो वर चढणाऱ्या एका आंधळ्याला. पुढे कॅमेरा जिन्यावरून वर सरकतो तेव्हा दारादारांतून डोकावणारे शेजारी, पोलीस, कुजबुज, असं मजल्या-मजल्याचं आयुष्य दिसत जातं.

आणि आतली खोली : पलंग, टेबल, आरसा, सायकलचा संसार, घड्याळ आणि एक भलंमोठं कपाट. फ्रान्स्वा ते ढकलत दाराला लावतो, तेव्हा त्याच्या अंगाची सगळी ताकद पडद्यावर दिसते. खुर्ची फेकून तो आरसा फोडतो. काडेपेटी संपलेली, म्हणून एका सिगारेटवर दुसरी पेटवत राहतो. समीक्षक आंद्रे बाझाँ युद्धानंतर चित्रपट-मंडळांमध्ये हा सिनेमा दाखवून प्रेक्षकांना विचारत असे, खोलीत काय काय होतं ते सांगा. लोक भराभर यादी सांगत; पण गाबँने ज्याला हातही लावला नाही असं सामान त्यांच्या आठवणीतून निसटे. त्राउनरने त्या खोलीत मांडलेल्या वस्तू अभिनेत्याच्या हातातूनच जिवंत झाल्या, याला याहून चांगला दाखला सापडणार नाही.

प्रदर्शनानंतर तीन महिन्यांत युद्ध सुरू झालं. लोकांचं मनोधैर्य खचवणारा चित्रपट म्हणून त्याच्यावर बंदी आली. त्याचा संगीतकार मॉरिस झोबेर जून १९४०मध्ये आघाडीवर मारला गेला. पाठोपाठ फ्रान्स पडला, आणि व्हिशी सरकारच्या भाटांनी पराभवाचं खापर कार्नेच्या सिनेमांवरही फोडलं. वादळ आलं म्हणून वायुभारमापकाला दोष देऊ नये, असं उत्तर कार्नेने दिल्याचं सांगतात. ऑक्टोबर १९४०च्या ज्यूविरोधी कायद्याने त्राउनरला या धंद्याचे दरवाजे बंद झाले. ज्यांनी पॅरिसचा चेहरा जगाला दाखवला, त्यांनाच परके ठरवण्याची ही नीचता आजही वाचवत नाही.

त्राउनर दक्षिणेत लपून राहिला आणि लपूनच काम करत राहिला. कार्ने आणि प्रेव्हेरने त्याला सोडलं नाही. १९४२च्या ‘ले व्हिझितर द्यु स्वार’ची दृश्यं त्याने कल्पिली, नाव लागलं झॉर्झ वाखेविचचं. ‘लेझांफां द्यु पारादी’साठी नीसच्या व्हिक्तोरीन स्टुडिओत एकोणिसाव्या शतकातला आख्खा बुलव्हार उभा राहिला, तोही त्याच्याच आराखड्यांवरून, जागेवरची जबाबदारी लेओं बार्साकने उचलली. हे करण्यात या सहकाऱ्यांनी किती जोखीम पत्करली होती, हे विसरून चालणार नाही. मार्च १९४५मध्ये, पॅरिस मुक्त झाल्यावर, तो चित्रपट झळकला तेव्हा श्रेयनामावलीत त्राउनरचं नाव होतं, भूमिगत राहून केलेल्या कामाच्या उल्लेखासह.

युद्ध संपलं तरी अडचणी सरल्या नाहीत. १९४६च्या ‘ले पोर्त द ला न्वी’साठी त्याने बार्बेस मेट्रो स्थानक स्टुडिओत बांधलं. टंचाईच्या दिवसांत हा खर्च लोकांच्या डोळ्यांवर आला, आणि चित्रपटही पडला. पुढच्याच वर्षी ‘ल झूर स लेव्ह’वर घाला आला. हॉलिवुडच्या आरकेओ कंपनीने हेन्री फोंडाला घेऊन ‘द लाँग नाइट’ नावाने त्याची नवी आवृत्ती काढली, आणि मूळ चित्रपटाच्या मिळतील तेवढ्या प्रती नष्ट करण्याचा घाट घातला. सेट तर चित्रण संपताच मोडलेलाच होता. आता त्याची प्रतिमाही पुसली जायची वेळ आली होती. तरी काही प्रती वाचल्या. १९५२ साली ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकाने समीक्षकांकडून जगातल्या सर्वोत्तम दहा चित्रपटांची यादी मागवली, तिच्यात तो होता.

त्राउनर पुढे अमेरिकी दिग्दर्शकांकडे गेला. बिली वाइल्डरच्या ‘द अपार्टमेंट’मध्ये (१९६०) टेबलांच्या न संपणाऱ्या रांगांचं ऑफिस आहे. तिथे त्याने मागची टेबलं लहान केली आणि त्यांच्यामागे बुटकी माणसं बसवली. एपिने-बियांकूरमध्ये मुरलेल्या त्या युक्तीला ऑस्कर मिळालं. १९९३ साली तो गेला. नॉर्मंडीतल्या ओमोनव्हिल-ला-पतीत गावात, प्रेव्हेरच्या शेजारी त्याची कबर आहे. ‘ल झूर स लेव्ह’ची दुरुस्त केलेली प्रत २०१४ साली आली. सेन्सॉरने कापलेलं आर्लेत्तीचं स्नानाचं दृश्य तिच्यात परत जोडलं आहे.