अतिवाहकांचा गुण कसा हरपतो?

विजेची तार कितीहि उत्तम असली तरी ती वाटेंत थोडी वीज खातेच. तारेंतून प्रवाह जातांना त्यास जो अडथळा होतो त्याला रोध असें म्हणतात, आणि ह्या रोधांत खर्ची पडलेली वीज उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. विजेच्या शेगडीची तार लाल होते ती ह्याच कारणानें. इ. स. १९११ मध्यें हॉलंडांतील लायडन येथें कामेर्लिंग ओन्नेस ह्यांनीं पारा शून्याखालीं सुमारें २६९ सेंटिग्रेड अंशांपर्यंत थंड केला, तेव्हां त्याचा रोध एकाएकीं नाहींसा झाला. हाच अतिवाहकतेचा शोध. परंतु इतकी थंडी साधण्यास द्रवरूप हेलियम लागतें, आणि तें फार महाग.

पुढें १९८६ मध्यें स्वित्झर्लंडांत बेडनॉर्झ आणि म्युलर ह्यांना लँथॅनम, बेरियम, तांबें व प्राणवायु ह्यांच्या संयुगांत हाच गुण बऱ्याच वरच्या उष्णतामानास आढळला. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंत वू आणि चू ह्यांच्या सहकारी मंडळींनीं लँथॅनमच्या जागीं यिट्रियम घातलें. हें संयुग शून्याखालीं १८० अंशांसच अतिवाहक बनतें. द्रवरूप नत्रवायूचें उष्णतामान शून्याखालीं १९६ अंश असतें व तो स्वस्त मिळतो. म्हणून ह्या शोधाचें मोल मोठें. शून्याखालीं १८० अंशांस ‘उच्च’ उष्णतामान म्हणणें विचित्र वाटेल खरें. पण पाऱ्याच्या मानानें तें उच्चच होय.

आतां प्रश्न असा कीं, हा गुण जातो कसा? त्याचा पहिला शत्रु उष्णता. अतिवाहकांत इलेक्ट्रॉन सुटे हिंडत नाहींत. त्यांच्या जोड्या जमतात आणि सर्व जोड्या एका तालावर चालतात. शाळेच्या पटांगणावर मुलें जोडीजोडीनें लेझीम खेळत असतांना एखादा दगड वाटेंत आला तरी रांग मोडत नाहीं, तसेंच हें. उष्णता वाढली म्हणजे धातूंतील जोड्या फुटतात आणि त्याबरोबर खेळ संपतो. तांब्याच्या संयुगांत मात्र आणखी एक प्रकार संभवतो. ज्या नमुन्यांत प्राणवायु बेताचा असतो, त्यांत जोड्या कांहीं अंशीं शाबूत राहून केवळ त्यांचा ताल सुटतो, असा अनेक शास्त्रज्ञांचा तर्क आहे. ह्या जोड्या कोणत्या बळानें जुळतात, ह्याविषयीं मात्र अद्यापि एकमत झालेलें नाहीं.

दुसरा शत्रु चुंबकत्व. सौम्य चुंबकत्वास अतिवाहक आपल्या अंगांत शिरूंच देत नाहीं. हें १९३३ मध्यें माइसनर व ओक्सेनफेल्ड ह्यांनीं दाखविलें. परंतु जोर वाढला कीं, तें बारीक बारीक भोवऱ्यांच्या रूपानें आंत घुसतें. अशा भोवऱ्यांचें गणित १९५७ मध्यें रशियांतील अब्रिकोसोव्ह ह्यांनीं मांडलें. प्रत्येक भोवऱ्याच्या गाभ्यांत अतिवाहकता नसते. हे भोवरे स्थिर राहिले तर कांहीं बिघडत नाहीं. पण वाहती वीज त्यांना ढकलते, आणि ते सरकूं लागले कीं शक्ति खर्च होऊन रोध पुन्हां उत्पन्न होतो. म्हणून गाईला दाव्यानें खुंटाशीं बांधावें तसे त्यांना बांधून ठेवावे लागतात. हे खुंट म्हणजे स्फटिकांतील दोष. ह्यासाठीं कारागीर अतिवाहकांत परक्या द्रव्याचे सूक्ष्म कण मुद्दाम मिसळतात. अगदीं निर्दोष स्फटिक येथें कामाचा नाहीं! नव्या अतिवाहकांची अडचण अशी कीं, त्यांची रचना थरांची असते. विशेषतः बिस्मथच्या संयुगांत भोवरा अखंड दोरीसारखा न राहतां पैशांच्या चळतीसारखा होतो. उष्णतेच्या धक्क्यानें चळत घसरते आणि भोवरे खुंटांवरून सुटतात.

तिसरा शत्रु स्वतः वीजच. प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं भोवरे बंधन तोडतात. शिवाय हे पदार्थ अनेक स्फटिककणांचे बनलेले असतात, आणि शेजारच्या कणांची दिशा परस्परांशीं थोड्या अंशांनीं जरी जुळली नाहीं, तरी त्यांच्या सांध्यांतून जाऊं शकणारा प्रवाह झपाट्यानें घटतो. म्हणून हल्लीं सर्व कण एका दिशेस राहतील अशा बेतानें धातूच्या फितीवर यिट्रियमच्या संयुगाचा पातळ थर चढवितात. ह्या संयुगांत प्राणवायूचें प्रमाणहि नीट राखावें लागतें. त्याचे परमाणु सातांवरून सहांवर आले कीं अतिवाहकता पार जाते. ओलाव्यानेंहि तें नासतें.

हा गुण चालत्या यंत्रांत अकस्मात् गेला तर काय होतें, हें महत्त्वाचें आहे. जुन्या धातूंच्या तारेंत बिघडलेली जागा वेगानें पसरते, त्यामुळें उष्णता वांटली जाते व धोका चटकन ध्यानांत येतो. नव्या फितींत ती फारच सावकाश पसरते. गंजीच्या पोटांत ठिणगी धुमसत राहावी त्याप्रमाणें सगळी उष्णता एकाच ठिकाणीं सांचते, आणि सूचना मिळण्यापूर्वींच फीत जळून जाण्याचें भय असतें. म्हणूनच प्रवाहास पर्यायी वाट मिळावी ह्यासाठीं फितीवर तांब्याचें वेष्टन देतात.

परंतु हाच दोष उपकारकहि ठरतो. जर्मनींतील एसेन शहरांत २०१४ मध्यें सुमारें एक किलोमीटर लांबीची, १०,००० व्होल्टची अतिवाहक केबल जमिनीखालून टाकून सुरू करण्यांत आली. तिच्या जोडीला अतिवाहकाचाच एक रक्षक बसविला होता. कोठें दोष होऊन प्रवाह भलताच वाढला, तर हा रक्षक क्षणार्धांत आपली अतिवाहकता गमावतो, त्याचा रोध वाढतो आणि प्रवाहास आळा बसतो.

श्रोतेहो, नव्या अतिवाहकाच्या वार्ता वर्तमानपत्रांत मधून मधून येतातच. २०२३ मध्यें दक्षिण कोरियांतून घरच्या हवेंतहि टिकणाऱ्या अतिवाहकाची अशीच वार्ता आली होती. इतर प्रयोगशाळांच्या कसोटीस ती उतरली नाहीं. अशी वार्ता पुन्हां वाचाल तेव्हां तीन गोष्टी अवश्य विचारा: हा गुण किती उष्णतामानापर्यंत टिकतो, किती चुंबकत्वांत टिकतो आणि किती प्रवाह सोसतो? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तरच त्या पदार्थाची तार होईल.