पाळणाघर : सोय कोणाची, खर्च कोणाचा?

प्रसूतीची सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली की नोकरदार घरात एक प्रश्न दबक्या आवाजात चर्चिला जाऊ लागतो. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून फोर्टातील कचेरी गाठणारी स्त्री घराबाहेर पडते ती अकरा-बारा तासांनीच परतते. पतीचीही गत तीच. मग सहा महिन्यांच्या तान्ह्या मुलाला सांभाळायचे कोणी? गावाहून आजीला बोलवावे, तर तिकडे आजोबांच्या औषधपाण्याचे काय? घरी बाई ठेवावी, तर बंद दाराआड मूल तिच्या एकटीच्या हवाली कसे करावे? पाळणाघर पाहावे, तर त्याची पारख कशावरून करावी? अखेर हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, ज्याने त्याने तो सोडवावा, असे म्हणून समाज मोकळा होतो. परंतु हा प्रश्न खरोखरच ज्याचा त्याचा आहे काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

आजीने नातवंड सांभाळले तर राष्ट्रीय उत्पन्नात एका पैशाचीही भर पडत नाही; तेच मूल पाळणाघरात ठेवले की तेथे भरलेली फी उत्पन्नात धरली जाते. घरकामाला ठेवलेल्या स्त्रीशी मालकाने विवाह केला तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू या अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिली होती. जे हिशेबात येत नाही ते फुकट आहे, असा समज त्यातून रूढ होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीनुसार घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. मुलांची व वृद्धांची देखभाल यात धरलेली नाही. तिची मोजदाद वेगळी होते. म्हणजे संगोपनाला आजवर खर्च येत नव्हता असे नव्हे; तो स्त्रीच्या वेळातून भागवला जात होता, इतकेच.

आता हे काम बाजारात आले आहे. पण हा बाजार भाजीच्या बाजारासारखा नाही. येथे पैसे देतात आईबाप आणि सेवा घेते मूल. भाजी निवडून घेता येते, शिळी निघाली तर दुसऱ्या दिवशी तक्रार करता येते. तान्हे मूल तक्रार करीत नाही. माल कसा आहे हे केवळ विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, हे अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारगाड्यांच्या उदाहरणावरून मांडले होते. पाळणाघरांना ते तंतोतंत लागू पडते. पालकांना रंगवलेल्या भिंती दिसतात, खेळणी दिसतात, कॅमेराही दिसतो. रडणाऱ्या मुलाला किती वेळाने उचलले जाते, हे मात्र दिसत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्याने उघडकीस आणली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. परंतु घडून गेल्यावर दाखवणारे यंत्र म्हणजे देखरेख नव्हे.

दुसरी अडचण अंकगणिताची आहे. यंत्र आले की कारखान्यातील कामगार पूर्वीच्या दुप्पट कापड विणू शकतो; पण एक बाई आठ तान्ही मुले नीट सांभाळू शकत नाही. समजा, तिच्याकडे चार मुले आहेत आणि प्रत्येकाची महिन्याची फी सहा हजार रुपये आहे. जमलेल्या चोवीस हजारांतून जागेचे भाडे, वीज, खाऊ, सफाई आणि चालकाचा मोबदला वजा केल्यावर तिच्या हाती काय उरणार? तिला पोटापुरते वेतन द्यायचे तर फी वाढते आणि बेताच्या पगाराची आई नोकरी सोडून घरी बसते. फी रोखून धरायची तर एकीच्या पदरी चाराऐवजी दहा मुले येतात. पालक ज्याला निवड म्हणतात, ती प्रत्यक्षात या दोन वाटांमधली ओढाताण असते.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची सक्ती केली; पण ती स्त्री कामगारांच्या संख्येवर बेतली आणि ही मर्यादा पुढे तीसवर आणली. अशा अटीमुळे एकतिसावी स्त्री कामावर घेणे मालकाला महाग वाटू लागते, हे उघड आहे. २०१७ च्या प्रसूती-लाभ दुरुस्तीने ही चूक टाळली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघर पुरवावे, असे ठरवताना तिने स्त्री-पुरुष दोघांनाही गणतीत धरले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचा आकडा कायम आहे. तथापि दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा आईलाच दिली, आणि रजेच्या पगाराचा भारही मालकावरच ठेवला. शिवाय दुकानातील विक्रेती, शेतमजूर आणि धुणीभांडी करणारी स्त्री यांना पन्नास माणसांची आस्थापना कोठून मिळणार?

या ठिकाणी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याचे स्मरण होते. बोर्डीला १९४५ मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचा आरंभ करून पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना त्यांच्या ध्यानात आले, की थोरली बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून शाळेला बालवाडी आणि बालवाडीला पाळणाघर जोडले गेले. संगोपनाचा भार सोयीच्या अभावी नाहीसा होत नाही. तो सर्वांत दुबळ्या खांद्यावर जाऊन पडतो, हा त्या अनुभवाचा अर्थ. तो आज शहरातही खरा आहे. इतरांची मुले सांभाळायला आलेल्या मावशींचे स्वतःचे मूल कोणाकडे असते, हे किती पालक विचारतात? अनेकदा ते झोपडीत थोरल्या मुलीच्या कडेवर असते, आणि त्या मुलीची शाळा बुडालेली असते.

दुसऱ्याच्या मुलाचा खर्च करदात्याने का सोसावा, असा आक्षेप घेतला जाईल. प्राथमिक शाळेबाबत तो कोणी घेत नाही. मग सहाव्या वर्षी सार्वजनिक ठरणारे मूल सहाव्या महिन्यात खासगी कसे? अंगणवाडीची यंत्रणा २ ऑक्टोबर १९७५ पासून उभी आहे. तिला पाळणाघराची जोड देणारी ‘पालना’ योजना २०२२ मध्ये आखली गेली. हीच वाट पुढे नेली पाहिजे. अंगणवाडी दिवसभर चालावी, खासगी पाळणाघरांची नोंदणी व अचानक तपासणी स्थानिक संस्थांनी करावी, खर्च मालक, शासन व पालक यांनी ऐपतीनुसार वाटून घ्यावा. आणि मूल सांभाळणाऱ्या स्त्रीला मानधन नव्हे, वेतन मिळावे. मूल कोणाच्या हाती सोपवले यापेक्षा त्या हातांना आपण काय दिले, यावर पाळणाघराची प्रत ठरते. तो हिशेब चुकता होत नाही तोवर आईबापांच्या मनाला लागलेला घोर कोणत्याही कॅमेऱ्याने मिटणार नाही.